वयाखालचे विश्वचषक: चषक वाचायचा की जन्मतारीख?

मधली फळी (धागाकर्ता)

अर्जेंटिनाने फुटबॉलचा वरिष्ठ गटाचा विश्वचषक १९७८, १९८६ आणि २०२२ असा तीनदा जिंकला आहे. २० वर्षांखालील विश्वचषक त्या देशाने सहा वेळा जिंकला, म्हणजे इतर कोणत्याही देशापेक्षा अधिक वेळा. असे असूनही १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत अर्जेंटिना आजवर एकदाही पोहोचलेला नाही. नायजेरियाची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९८५, १९९३, २००७, २०१३ आणि २०१५ अशी १७ वर्षांखालील गटाची पाच विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत (१९८५ साली ही मर्यादा १६ वर्षांची होती), पण २० वर्षांखालील गटात १९८९ आणि २००५ या दोन्ही अंतिम सामन्यांत त्यांना हार पत्करावी लागली. वरिष्ठ विश्वचषकात तर शेवटच्या १६ संघांच्या पुढे त्यांची मजल कधी गेलीच नाही. स्पेन १७ वर्षांखालील गटाचा अंतिम सामना १९९१, २००३, २००७ आणि २०१७ असा चार वेळा खेळला आणि चारही वेळा हरला. मधल्या काळात, २०१० साली, त्यांचा वरिष्ठ संघ जगज्जेता झाला होता.

ही विसंगती अनेक वर्षे माझ्या मनात घोळत आहे. १९७७ साली ट्युनिशियात वयोगटाचा पहिला विश्वचषक झाला आणि सोव्हिएत संघाने मेक्सिकोला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून तो जिंकला, तेव्हापासून या स्पर्धांकडे भविष्याचा आरसा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. स्पर्धा संपली की ‘उद्याचे तारे’ अशा मथळ्याखाली दहा नावे छापून येतात आणि विजेत्या देशाचे पुढचे दशक सोन्याचे ठरवले जाते. त्यांतली बहुतेक भाकिते चुकतात. तरीही ही स्पर्धा निरुपयोगी आहे असे मला वाटत नाही. आपण तिच्यातली चुकीची ओळ वाचतो, एवढेच.

सतराव्या वर्षी सहा महिन्यांच्या फरकाने मुलाची उंची, खांद्यांची रुंदी आणि धावण्याचा वेग बदलतो. त्या वयात जो संघ आधी ‘मोठा’ होतो तो जिंकतो. विसाव्या वर्षापर्यंत हा फरक बराचसा पुसला जातो, आणि म्हणूनच २० वर्षांखालील विजेत्यांची यादी वरिष्ठ विजेत्यांच्या यादीच्या थोडी अधिक जवळ जाते, असा माझा अंदाज आहे. ब्राझील मात्र या अंदाजात बसत नाही, कारण त्यांनी १७ वर्षांखालील विश्वचषक चार वेळा आणि २० वर्षांखालील पाच वेळा जिंकला आहे. ब्राझीलला कोणताच नियम लागू होत नसावा.

माझा प्रश्न असा आहे: या स्पर्धांमधून पुढचे काही खरोखर कळत असेल, तर ते कोणत्या खुणेवरून? जाणकारांनी कृपया लिहावे.


कोपऱ्यावरची किक

आपला मुद्दा रोचक आहे, पण निष्कर्ष घाईने काढलेला वाटतो. सेस्क फाब्रेगास २००३ साली फिनलंडमध्ये १७ वर्षांखालील स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१० साली जगज्जेत्या संघात होता. टोनी क्रूस २००७ साली दक्षिण कोरियात सर्वोत्तम ठरला आणि २०१४ साली जगज्जेता झाला. व्हिक्टर ओसिम्हेनने २०१५ साली चिलीत दहा गोल केले आणि पुढे २०२३ साठीचा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा सन्मान मिळवला. ही भाकिते चुकली असे कसे म्हणता येईल?


मधली फळी (धागाकर्ता)

आपण दिलेल्या पहिल्या दोन नावांकडे पुन्हा एकदा पाहा. २००३ साली फाब्रेगासचा स्पेन अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हरला होता आणि २००७ साली क्रूसच्या जर्मनीला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते. चषक एका संघाने नेला आणि खेळाडू दुसऱ्याच संघातून पुढे आला. ओसिम्हेन मात्र विजेत्या संघातला होता, हे मी मान्य करतो.

१७ वर्षांखालील स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूच्या सन्मानाची उरलेली यादीही वाचण्यासारखी आहे. १९८९ साली तो यजमान स्कॉटलंडचा गोलरक्षक जेम्स विल याला मिळाला, १९९१ साली घानाच्या नी लाम्प्टेला, १९९५ साली ओमानच्या एका खेळाडूला आणि २०११ साली मेक्सिकोच्या हुलिओ गोमेझला. गोमेझने जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत कात्री किक मारून अखेरच्या क्षणी विजयी गोल केला होता. ते दृश्य पाहिलेला माणूस ते विसरणार नाही. वरिष्ठ फुटबॉलमध्ये मात्र त्याचे नाव फारसे ऐकू आले नाही.


रेषापंच

वयाचा विषय निघालाच आहे, तर ‘वय’ म्हणजे कागदावरचे की हाडांचे, हेही आधी ठरवावे लागेल. या स्पर्धांचा इतिहास त्या एका प्रश्नाने भरलेला आहे.

१९८८ साली मेक्सिकोने २० वर्षांखालील स्पर्धेच्या पात्रता फेरीत अधिक वयाचे खेळाडू खोट्या जन्मतारखांवर खेळवल्याचे उघड झाले आणि त्यांच्या सर्व राष्ट्रीय संघांवर दोन वर्षांची बंदी आली. त्यामुळे १९९०च्या वरिष्ठ विश्वचषकालाही त्यांना मुकावे लागले. मुलांच्या स्पर्धेतल्या लबाडीचा दंड मोठ्यांनी भरल्याचे एवढे ठळक उदाहरण दुसरे नाही. नायजेरियाच्या काही खेळाडूंच्या जन्मतारखा वेगवेगळ्या स्पर्धांच्या नोंदींत वेगवेगळ्या आढळल्या, तेव्हा त्यांच्या वयोगटाच्या संघांवरही दोन वर्षांची बंदी घालण्यात आली, आणि १९९१ सालच्या २० वर्षांखालील स्पर्धेचे यजमानपद त्यांच्याकडून जाऊन पोर्तुगालला मिळाले. पोर्तुगालने ती स्पर्धा लिस्बनमध्ये भरगच्च प्रेक्षकांसमोर जिंकली. त्या संघात लुईस फिगो आणि रुई कोस्टा होते. १९८९ साली ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सौदी अरेबियाने दोन गोलांची पिछाडी भरून काढून स्कॉटलंडला पेनल्टींवर हरवले. त्या सामन्यानंतरही विजेत्यांच्या वयाविषयी बरीच कुजबूज झाली, पण सिद्ध काहीच झाले नाही. आशियातील एका संघाने जिंकले की शंका घ्यायची, हीही एक सवयच आहे, असे मला कधीकधी वाटते.

कागदपत्रांवर विसंबून चालत नाही हे लक्षात आल्यावर फिफाने २००९ सालच्या १७ वर्षांखालील स्पर्धेपासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. मनगटाजवळच्या मुख्य हाडाच्या टोकाशी वाढीची एक पट्टी असते आणि वाढ पूर्ण झाली की ती हाडाशी एकजीव होते. ती कितपत जुळली आहे, यानुसार सहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. सहावी पायरी, म्हणजे पट्टी पूर्णपणे जुळलेली दिसली, तर तो मुलगा सतरा वर्षांखालचा असण्याची शक्यता अगदी थोडी उरते आणि त्याला खेळता येत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरले जात नसल्यामुळे निरोगी मुलांची अशी तपासणी करण्यात गैर काही नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. यजमान नायजेरियाने त्या वर्षी स्वतःच ही तपासणी करून आपल्या संघातील अनेक खेळाडूंना आधीच वगळले होते, आणि तरीही ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. तेथे स्वित्झर्लंडने त्यांना एका गोलाने हरवले.

या तपासणीच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. मुलींची हाडे याहून लवकर जुळतात, म्हणून त्यांच्यासाठी ही पद्धत उपयोगाची नाही. विसाव्या वर्षी जवळपास सर्वांचीच हाडे जुळलेली असतात, त्यामुळे २० वर्षांखालील गटातही तिचा उपयोग नाही. शिवाय सोळाव्या वर्षीच हाडे जुळलेला एखादा प्रामाणिक मुलगा केवळ लवकर वाढला म्हणून बाहेर राहू शकतो. त्या मुलाने दाद कोणाकडे मागायची?


राखीव बाक

रेषापंच यांनी कागदावरचे आणि हाडांचे वय सांगितले. मी तिसऱ्या वयाविषयी, म्हणजे स्पर्धेच्या वयाविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर मला तेथे दिसते.

‘१७ वर्षांखालील’ हे नावच मुळात फसवे आहे. मर्यादा स्पर्धेच्या दिवशी मोजली जात नाही, ती त्या वर्षाच्या १ जानेवारीला मोजली जाते. २०१७ सालच्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा पात्र होता. स्पर्धा ऑक्टोबरमध्ये झाली, म्हणजे मैदानावरची कित्येक मुले सतरा वर्षे पूर्ण करून पुढे गेलेली होती. १ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि ३१ डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच वर्षाचे धरले जातात. प्रशिक्षक निवड करताना साहजिकच मोठ्या, दणकट मुलाकडे झुकतात, आणि म्हणून अशा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळते. हे जगभर दिसून आले आहे.

त्याहून वाईट स्थिती मधल्या वर्षी जन्मलेल्यांची होती. ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होत असे. २०१७ साठी रेघ २००० सालावर होती आणि २०१९ साठी २००२ सालावर. मग २००१ साली जन्मलेल्या मुलाने काय करायचे? २०१७ साली त्याला आपल्याहून वर्षभराने मोठ्या मुलांशी झुंजून जागा मिळवावी लागे, आणि २०१९ साली तो वयाने बाद होई. जगातल्या निम्म्या मुलांना ही स्पर्धा आपल्या योग्य वयात कधी लाभलीच नाही, आणि या गोष्टीची चर्चा मी फारशी कुठे वाचलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाहायची खूण एकच: खेळाडू रेघेच्या किती आत होता? लिओनेल मेस्सीचा जन्म २४ जून १९८७चा. २००५ साली नेदरलँड्समधील २० वर्षांखालील स्पर्धेची रेघ १ जानेवारी १९८५ ही होती. म्हणजे तो मर्यादेच्या जवळपास अडीच वर्षे आत होता आणि स्पर्धा सुरू असतानाच अठरा वर्षांचा झाला. त्याने सहा गोल केले, नायजेरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातील अर्जेंटिनाचे दोन्ही गोल पेनल्टीवर केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही पटकावला. १९७९ साली जपानमध्ये अर्जेंटिनाला जिंकून देणारा दिएगो मॅराडोनाही तेव्हा अठराच वर्षांचा होता. अर्लिंग हालांडचा जन्म २१ जुलै २०००चा आणि २०१९ची रेघ १ जानेवारी १९९९ची. म्हणजे दीड वर्ष आत. त्याने पोलंडमध्ये होंडुरासविरुद्धच्या एकाच सामन्यात नऊ गोल केले. तो सामना नॉर्वेने १२-० असा जिंकला आणि तरीही साखळीतच गारद झाला. संघाच्या निकालावरून हालांडविषयी काय कळले असते?


कोपऱ्यावरची किक

राखीव बाक, आपला हिशेब पटण्याजोगा आहे, पण एक खडा त्यात टाकतोच. टोनी क्रूसचा जन्म ४ जानेवारी १९९०चा आणि २००७ची रेघ १ जानेवारी १९९०. तीन दिवसांनी आत! आपल्या कसोटीवर तो नापास झाला असता.


राखीव बाक

मान्य आहे. एवढेच म्हणतो की रेघेच्या खूप आत राहून चमकलेल्या खेळाडूवर मी पैज लावीन आणि रेघेला टेकलेल्यावर लावणार नाही. त्यात एखादा क्रूस माझ्या हातून निसटेल. क्रूसचा खेळ ताकदीवर किंवा वेगावर कधीच नव्हता, त्यामुळे मोठ्या वयाचा फायदा त्याला तसा कमीच मिळाला असावा. अर्थात हे आता मागाहून बोलणे सोपे आहे.


भरपाई वेळ

एक व्यावहारिक गोष्ट येथे कोणी मांडलेली नाही. वरिष्ठ विश्वचषकासाठी खेळाडू सोडणे क्लबांना बंधनकारक असते. वयोगटाच्या विश्वचषकांसाठी नसते. २०१७ साली भारतातील १७ वर्षांखालील स्पर्धेत इंग्लंडचा जेडन सँचो साखळी सामने खेळून जर्मनीतील आपल्या क्लबकडे परतला आणि इंग्लंडने उरलेले सामने त्याच्याविना खेळून चषक जिंकला. २०२५ साली चिलीतील २० वर्षांखालील स्पर्धेत फ्रँको मास्तान्तुओनो अर्जेंटिनाकडून खेळू शकला नाही, कारण तो तोपर्यंत रेआल माद्रिदमध्ये दाखल झाला होता. म्हणजे जो मुलगा सर्वांत पुढे गेलेला आहे, तोच बहुधा या स्पर्धेत दिसत नाही. विजेत्यांची यादी वाचताना ही अनुपस्थितांची यादीही शेजारी ठेवावी.


अर्ध्या रेषेवर

२०१७ सालच्या भारतातील स्पर्धेचा उल्लेख झालाच आहे, म्हणून थोडे लिहितो. २४ संघ, ५२ सामने आणि एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक. १९८५ साली चीनमधील पहिल्या स्पर्धेचा उच्चांक यामुळे मोडला गेला. गुवाहाटीचे मैदान पावसाने खराब झाल्यामुळे ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना ऐनवेळी कोलकात्याला हलवावा लागला आणि एवढ्या थोड्या अवधीतही सॉल्ट लेक स्टेडियम भरले. अंतिम सामन्यात स्पेन दोन गोलांनी पुढे होता. इंग्लंडने तो ५-२ असा फिरवला. फिल फोडनने त्यात दोन गोल केले आणि त्याला स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडने व्हेनेझुएलाला हरवून २० वर्षांखालील विश्वचषकही जिंकला होता.

या धाग्याच्या दृष्टीने त्या इंग्लंड संघातील एक तपशील उपयोगी पडेल. फोडन, मार्क ग्वेही, कॉनर गॅलाघर आणि मॉर्गन गिब्स-व्हाइट वरिष्ठ संघात पोहोचले, पण आठ गोल करून स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा पुरस्कार मिळवणारा रियान ब्रूस्टर अद्याप इंग्लंडच्या वरिष्ठ संघाकडून खेळलेला नाही.

भारतीय संघ यजमान म्हणून खेळला आणि तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. घानाविरुद्धच्या सामन्यात ताकदीतील तफावत डोळ्यांना खुपत होती. कोलंबियाविरुद्ध मात्र ८२व्या मिनिटाला कॉर्नरवरून जॅक्सन सिंगने हेडर मारून बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा तो पहिला गोल. मैदानावरचा जल्लोष ओसरण्याआधीच, पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. त्या एका मिनिटाबद्दल आपले प्रशिक्षक खेळाडूंना काय म्हणाले असतील, याचा मी अनेकदा विचार करतो. आपण काही मिळवले आहे हे कळल्यावरच्या साठ सेकंदांत जागेवर परतायचे असते, हे सरावात शिकवता येते की नाही, कोण जाणे.

त्या संघातील जॅक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अन्वर अली आणि राहुल के. पी. हे पुढे वरिष्ठ भारतीय संघाकडून खेळले. तिन्ही सामने हरलेल्या संघासाठी ही संख्या लहान नाही.


मधली फळी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. राखीव बाक यांच्या प्रतिसादानंतर मी माझे मूळ म्हणणे बदलतो. मी देशांच्या याद्या शेजारी ठेवून विसंगती शोधत होतो. पाहायला हवे होते ते खेळाडूंच्या जन्मतारखांकडे.

तरीही देशांविषयी एक गोष्ट उरते. माली २०१५ साली १७ वर्षांखालील स्पर्धेत उपविजेता होता आणि २०२३ साली तिसरा, पण वरिष्ठ विश्वचषकासाठी तो आजवर पात्र ठरलेला नाही. वर आलेल्या व्हेनेझुएलाचेही तेच. उलट १९९९ साली नायजेरियात जपान २० वर्षांखालील गटाच्या अंतिम सामन्यात स्पेनकडून ०-४ हरला. तेव्हाचे त्यांचे प्रशिक्षक फिलिप त्रुसिए हे वरिष्ठ संघाचेही प्रशिक्षक होते. त्यांनी तीच मुले वर नेली आणि २००२ साली जपानने पहिल्यांदा वरिष्ठ विश्वचषकाची साखळी ओलांडली. जिंकलेल्या स्पेनकडून त्या स्पर्धेत झावी खेळला होता, आणि त्यालाही जगज्जेता व्हायला अकरा वर्षे लागली. सतराव्या आणि तेविसाव्या वर्षांच्या मधे मुलाला हाताशी धरणारे कोणी आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असावे. मालीत मुले तयार होतात यात शंका नाही, परंतु त्यांतली कित्येक पुढे युरोपातल्या क्लबांमध्ये विखुरली जातात.


रेषापंच

मोरोक्कोचा दाखला या बाबतीत जोडता येईल. २०२२ साली त्यांचा वरिष्ठ संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि २०२५ साली चिलीत त्यांच्या २० वर्षांखालील संघाने स्पेन व ब्राझील यांना साखळीत हरवून, अंतिम सामन्यात अर्जेंटिनावर २-० अशी मात केली. म्हणजे येथे मोठ्यांचे यश आधी आले आणि मुलांचे नंतर. आरसा उलटा धरला तरी चालतो, असे दिसते.


राखीव बाक

मधल्या वर्षाच्या मुलांविषयी मी वर जी तक्रार केली होती, ती आता मिटली आहे. २०२५ पासून १७ वर्षांखालील विश्वचषक दरवर्षी कतारमध्ये होत आहे आणि त्यात ४८ संघ असतात. २०२५ची रेघ १ जानेवारी २००८, पुढच्या वर्षीची २००९. एकही जन्मवर्ष आता फटीत अडकणार नाही.


कोपऱ्यावरची किक

आणि त्याची किंमत? त्याच स्पर्धेत मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियाचा १६-० असा पराभव केला. संघ २४ वरून ४८ वर नेले की असे सामने होणारच. त्या गोलरक्षकाने सोळा वेळा जाळ्यातून चेंडू उचलून आणला. यातून त्याला कोणता अनुभव मिळाला, हे मला कोणी समजावून सांगावे.


राखीव बाक

त्याच न्यू कॅलेडोनियाने त्याआधीच्या सामन्यात जपानला ०-० असे रोखले होते. आणि त्याच मोरोक्कोला पोर्तुगालने ६-० हरवले होते. पुढे चषक पोर्तुगालनेच नेला. मी ते तिन्ही निकाल एका कागदावर लिहून ठेवले आहेत. जपानविरुद्ध नव्वद मिनिटे गोल न होऊ देणाऱ्या त्या मुलांच्या जन्मतारखा शोधतो आहे. मिळाल्या की येथे लिहीन.